देशमाने गुरुजींची टाकी

अण्णा खुर्चीवरून उठायला तयार नव्हते.

सकाळचे साडेनऊ झाले होते. अंगणात तांबोळी मॅडम हातात लांबलचक लोखंडी सळई घेऊन उभ्या होत्या. फाटकाबाहेर मैला उपसणारी गाडी घरघरत होती. आणि माझे वडील अंगणाच्या बरोबर मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. पेपर कालचा होता.

"गुरुजी, टाकीचं झाकण कुठं आहे तेवढं सांगा," मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"असेल की इथंच कुठंतरी."

"इथंच म्हणजे?"

"अंगणात."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी पान उलटलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"अण्णा, तुम्ही झाकणावरच बसलाय."

"मग? माझ्या घरात मी कुठं बसायचं ते आता तू ठरवणार?"

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. मी तेव्हा तहसील कचेरीत कारकून होतो. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच पुरुष, आणि माझी दोन महिन्यांची मुलगी रेवा तिच्या आईबरोबर लातूरला आजोळी होती. बारसं होऊन गेलं, तरी शर्वरी पोरीला घेऊन घरी येत नव्हती. रुसवाफुगवा काही नव्हता. तिची एकच अट होती, आणि ती तिनं फोनवर अगदी शांतपणे सांगितली होती: "टाकी नीट कुणा जाणकाराकडनं तपासून घे. ठीक आहे असा कागद मिळाला की मी दुसऱ्या दिवशी एसटीत बसते."

ती उगीच घाबरलेली नव्हती. आदल्या भाद्रपदात आमच्या शिक्षक कॉलनीत काविळीची साथ आली होती. बावीस घरांत मिळून अकरा जणं आजारी पडली. शेजारच्या चौगुले काकूंची संगीता सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला कावीळ झाली. ती वाचली, मूल वाचलं नाही. शर्वरीला तेव्हा दुसरा महिना होता. तिनं त्याच आठवड्यात बॅग भरली. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, तुमच्या घरी पिण्याचं पाणी कुठलं? बोअरचं. संडासची टाकी कुठं? त्याच प्लॉटमध्ये. तेव्हापासून टाकी तिच्या डोक्यातून गेली नाही.

आणि टाकी हा आमच्या घरातला सगळ्यात नाजूक विषय होता.

अण्णा मुख्याध्यापक होते, गणित आणि विज्ञान शिकवायचे. कॉलनीची सोसायटी त्यांनी काढली, प्लॉट त्यांनी पाडले आणि पहिलं घर त्यांनी बांधलं. आमच्याकडं नवा पाहुणा आला की चहा व्हायच्या आत त्याला ऐकावं लागायचं, "एकोणतीस वर्षं झाली, टाकी एकदाही उपसली नाही. गावात विचारा कुणालाही." लोक विचारायचे. मग वास्तुशांतीच्या जेवणावळीत पानं उठली की अण्णा चार नवे घरमालक कोपऱ्यात घेऊन त्यांना टाकी कशी बांधायची ते खडूनं फरशीवर काढून दाखवायचे. कॉलनीतल्या बावीसच्या बावीस टाक्या त्यांच्याच नकाशावर झाल्या. एकाही दारात कधी उपशाची गाडी आली नाही. अशा माणसाला सून म्हणते टाकी तपासा!

"आजवर माझा पेपर तपासायची कुणाची हिंमत झाली नाही," ते म्हणाले. "आता सून तपासणार."

मी तरी सरळ नगरपालिकेत अर्ज दिला. तिथं मला कळलं की टाकी 'चोंदली' तर आरोग्य विभाग बघतो, 'फुटली' तर बांधकाम विभाग बघतो, आणि नुसतीच तपासायची असेल तर कुणीच बघत नाही. "चोंदलीय असं लिहा की सरळ," तिथला कारकून म्हणाला. मी स्वतः लोकांना पाच-पाच खेपा घालायला लावणारा माणूस, पण त्या दिवशी त्याचा गळा धरावासा वाटला. शेवटी चोंदलीय असं लिहिलं. दहा दिवसांनी एक गृहस्थ आले. फाटकातच उभे राहून त्यांनी विचारलं, "संडास चालू हाय न्हवं?" अण्णा म्हणाले, "उत्तम." त्यांनी मोटरसायकलच्या टाकीवर कागद ठेवून 'सुस्थितीत' असं लिहिलं आणि गेले. मी आनंदानं लातूरला फोन केला.

"झाकण उघडलं होतं?" शर्वरीनं विचारलं.

"कागदावर सही आहे," मी म्हणालो.

"मकरंद, झाकण न उघडता मीपण सांगू शकते की सुस्थितीत आहे म्हणून."

दुसऱ्या खेपेला मी उपशाची गाडी ठरवली. मी कचेरीत असताना ती आली आणि अण्णांनी कोपऱ्यावरूनच परत पाठवली. ड्रायव्हरला सांगितलं, पत्ता चुकलाय. संध्याकाळी मी ओरडलो, ते ओरडले, दोघंही न जेवता झोपलो. मुलीचे फोटो मोबाइलवर यायचे. ती आता हसायला लागली होती, मान धरायला लागली होती, आणि मी इकडं एका काँक्रीटच्या झाकणासाठी बापाशी भांडत होतो. मला अण्णांचा इतका राग यायचा की त्यांच्या चपला दारात दिसल्या तरी नको वाटायचं.

तांबोळी मॅडम मला सोलापूरच्या एका ओळखीच्या इंजिनिअरनं सुचवल्या. शाहेदा तांबोळी. पाणीपुरवठ्याच्या सरकारी नोकरीतून बाहेर पडून त्या सांडपाण्याच्या तपासणीची कामं करायच्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी माझ्या रजेचा दिवस मागून घेतला, गाडी स्वतः ठरवली, आणि आता त्या आमच्या अंगणात उभ्या होत्या.

त्या अण्णांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, एकोणतीस वर्षांत टाकी भरली नाही म्हणता. मला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. अशी टाकी मी आजवर पाहिली नाही."

अण्णांनी पेपर खाली केला. कुणी शिकायला आलंय म्हटल्यावर त्यांना बसवेना. ते उठले, स्वतःच खुर्ची बाजूला ठेवली आणि पायानं फरशी दाखवली. "ही. माझ्या मुलाच्या लग्नात वर फरशी बसवली. फोडलीत तर बसवून द्यायची."

गाडीवाल्यानं फरशी काढली, पहारीनं झाकण सरकवलं. वास आला, पण वाटला होता तेवढा नाही. मॅडमनी सळई आत सोडली, बाहेर काढून ओल कुठवर लागली ते पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"एवढ्या जोराच्या आषाढात दीडच फूट पाणी?"

"बघा!" अण्णा खूश झाले. "सांगतो काय मग!"

"खाली मेणासारखा गाळ एक वीत. एकोणतीस वर्षांचा." मॅडम माझ्याकडं वळल्या. "उपसा करू या आधी."

पाइप आत गेला, गाडी अर्धा तास गुरगुरली. ड्रायव्हर, बंडू नावाचा, आत डोकावून म्हणाला, "मॅडम, दिसंना काय. उतरून बघू का?"

"आत कुणी उतरायचं नाही. कायद्यानं गुन्हा आहे, आणि खाली वायू असतो, दोन मिनिटांत माणूस जातो." त्यांनी पुन्हा सळई घेतली आणि टाकीच्या चारही कोपऱ्यांत आणि मधोमध ठोकली. काँक्रीटवर लोखंड आपटल्याचा आवाज यायला हवा होता. तो एकदाही आला नाही. सळई प्रत्येक ठिकाणी रुतत होती. त्यांनी ती वर ओढली आणि टोक रुमालानं पुसलं. रुमालावर तांबूस मुरूम आला.

"गुरुजी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "टाकीला तळ नाही."

"नाहीच," अण्णा म्हणाले. "मुद्दामच घातला नाही. तीच तर माझी पद्धत. चार भिंती बांधायच्या, खाली मुरूम मोकळा सोडायचा. पाणी मुरतं, टाकी जन्मात भरत नाही."

"पाणी मुरतं कुठं?"

"जमिनीत."

"आणि बोअरला पाणी कुठनं येतं?"

अण्णा क्षणभर थांबले. वर्गात पोरानं अवघड प्रश्न विचारला की ते असेच थांबायचे आणि मग आवाज चढवायचे. "मुरूम गाळतो ते. चांगला वीस-पंचवीस फूट मुरूम आहे खाली. निसर्गाची गाळणी आहे ती! नववीच्या पुस्तकात आहे."

"काही ठिकाणी गाळतो. काही ठिकाणी खडकाला भेग असते, ती काहीच गाळत नाही."

"सिद्ध करा," अण्णा म्हणाले. "उगीच तोंडानं नको. मी विज्ञानाचा शिक्षक आहे. मला पुरावा दाखवा."

मला वाटलं, मॅडम आता वैतागून निघून जातील. पण त्यांनी गाडीतून एक डबा काढला. त्यात नारिंगी भुकटीच्या पुड्या होत्या. ही भुकटी पाण्यात पडली की झगझगीत हिरवी होते, आरोग्याला अपाय करत नाही, एवढीशी असली तरी दिसते. ती संडासात टाकायची, वर भरपूर पाणी ओतायचं, आणि मग रोज सकाळी आमच्या आणि शेजारच्या तीन बोअरचं पाणी बाटलीत भरून पांढऱ्या कागदासमोर धरून बघायचं. आठ दिवस. रंग दिसला नाही तर त्या स्वतः सहीनिशी कागद देणार होत्या.

"नमुने मी घेणार," अण्णा म्हणाले. "ह्याच्यावर माझा विश्वास नाही. ह्याला बायको पाहिजे."

"आणि मला तुमच्यावर नाही," मी म्हणालो.

"घ्या गुरुजी, तुम्हीच घ्या," मॅडम म्हणाल्या. मला त्यांचाही राग आला.

त्या संध्याकाळी अण्णांनी माझ्यासमोर पुड्या फोडून टाकल्या आणि एकामागून एक आठ बादल्या ओतल्या. शाळेत प्रयोग करताना करायचे तसंच सगळं. वहीत तारीख, वेळ, बादल्या. बाटल्यांवर चिठ्ठ्या, त्यांच्या वळणदार अक्षरात: देशमाने, चौगुले, फुटाणे, ढवण. शेजाऱ्यांना सांगितलं, पाण्याचा क्षार तपासतोय. पहिल्या दिवशी चारही स्वच्छ. दुसऱ्या दिवशी स्वच्छ. तिसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्यासमोर आपटून म्हणाले, "कळव लातूरला."

मी कळवलं नाही, पण माझ्याही मनात आशेची पालवी फुटली होती. आणखी पाच दिवस. मग कागद. मग पोरगी घरी. मी माळ्यावरून पाळणा काढून पुसायलाही घेतला.

चौथ्या दिवशी सकाळी मी दात घासत मागच्या दारात आलो तर अण्णा न्हाणीच्या पांढऱ्या भिंतीपाशी पाठमोरे उभे होते. हातात एकच बाटली. बराच वेळ ते हलले नाहीत. मी जवळ गेलो. बाटलीवर चिठ्ठी होती: चौगुले. पाणी फिकट होतं, पण हिरवं होतं. शंकेला जागाच नव्हती.

अण्णांनी मला पाहिलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. बाकीच्या तीन बाटल्या ओट्यावर स्वच्छ उभ्या होत्या, आमची त्यात होती. खाली न्हाणीची मोरी होती.

आता खरं सांगतो. दोन महिने ज्या तपासणीसाठी मी माझ्या बापाशी वैर धरलं होतं, त्या मलाच त्या क्षणी वाटलं, ओतून टाकावी ती बाटली. आमच्या बोअरला तर रंग आला नाही ना. आमचं पाणी चांगलं आहे. कागद मिळेल, शर्वरी येईल, बाकीचं मग बघू. मी ते नुसतं मनात आणून थांबलो नाही. मी हात पुढं केला आणि म्हणालो, "द्या इकडं अण्णा. अजून चार दिवस आहेत. उद्याचं बघू."

अण्णांनी बाटली छातीशी धरली.

"शर्ट घाल," ते म्हणाले. "माझ्याबरोबर ये."

चौगुले काकू ओट्यावर मेथी निवडत होत्या. संगीता आतल्या खोलीत होती. ती सासरी परत गेली नव्हती, आणि त्याविषयी कुणी विचारत नव्हतं. काकू लगबगीनं उठल्या. "या गुरुजी. सकाळ सकाळी? बसा की."

अण्णा बसले नाहीत. "वहिनी, हे तुमच्या बोअरचं पाणी आहे. ह्यात रंग आहे. हा रंग मी चार दिवसांपूर्वी माझ्या संडासात टाकला होता."

काकूंना कळायला वेळ लागला. त्यांनी बाटलीकडं पाहिलं, मग आमच्या घराकडं पाहिलं.

"माझ्या टाकीला तळ नाही," अण्णा म्हणाले. "तुमच्याही नाही. चौगुले सर घालणार होते, गवंड्याला सांगितलंही होतं त्यांनी. मीच नको म्हणालो."

"म्हणजे गेल्या भादव्यात पण..." काकू म्हणाल्या आणि आतल्या दाराकडं बघून थांबल्या.

"काकू, तसं नक्की सांगता येत नाही," मी घाईघाईनं म्हणालो. "साथ सगळीकडंच होती. कुणाच्या टाकीतलं कुणाच्या..."

"मकरंद, गप्प बस." अण्णांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "होय वहिनी. गेल्या भाद्रपदात पण हेच असणार."

काकू आत गेल्या. भांड्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या त्या पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला घेऊन. आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, त्या घाईत त्यांनी ते दिलं नव्हतं. आता दिलं. पेला त्यांनी अण्णांच्या समोर ओट्यावर ठेवला.

"घ्या," त्या म्हणाल्या.

पाणी त्यांच्याच बोअरचं होतं. काकूंना माहीत होतं, अण्णांना माहीत होतं. मी म्हणालो, "अण्णा, नका." अण्णांनी पेला उचलला आणि उभ्यानं, एका दमात सगळा पिऊन टाकला. खाली ठेवला. काकूंनी वाकून बघितला, रिकामा आहे ना म्हणून. मग पेला उचलून त्या मेथीच्या ढिगापाशी बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. आतून संगीता म्हणाली, "आई, कोण आलंय?"

मला त्यांनी पाणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी प्यालो असतो की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

त्या रविवारी अण्णांनी सोसायटीची सभा बोलावली. बाटली टेबलावर ठेवली आणि फळ्यावर आपलाच नकाशा काढून त्याची चूक समजावून सांगितली. एकोणतीस वर्षं बरोबर म्हणून शिकवलेलं उदाहरण कुणीतरी चुकीचं ठरवावं, आणि ते आपणच, असा तो प्रकार होता. ढवण सर उठून वाट्टेल ते बोलले. अण्णांनी ऐकून घेतलं. तांबोळी मॅडमनी प्रत्येक टाकीला तळ कसा घालायचा, पाणी बोअरपासून लांब कसं न्यायचं, ते आखून दिलं. तोवर पिण्याचं पाणी टँकरचं. गवंडी एकच होता, घरं बावीस. पहिलं कुणाचं, यावर गोंधळ सुरू झाला. अण्णा म्हणाले, "पहिलं चौगुल्यांचं. शेवटचं माझं."

मी सभेतच उभा राहिलो. "अण्णा, बावीस घरं! वर्ष जाईल. रेवा..."

"शेवटचं माझं," ते म्हणाले आणि खडू खाली ठेवला.

घरी आल्यावर मी त्यांना बोलायचं ते सगळं बोललो. तुमच्या हट्टापायी माझी पोर आजोळी वाढणार. आधी झाकण उघडू दिलं नाही तो हट्ट, आता शेवटचा नंबर हा हट्ट. तुमचं चुकलं तरी तुम्हाला सगळ्यांत पुढंच उभं राहायचं असतं. अण्णा ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "फोन लाव लातूरला. मी बोलतो."

बाळंतपणानंतर ते सुनेशी एकदाही फोनवर बोलले नव्हते. "शर्वरी," ते म्हणाले, "तू बरोबर होतीस. इतक्यात येऊ नकोस. मी सांगेन तेव्हाच ये." पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. अण्णा नुसतं "हो" म्हणाले, "हो, हो," आणि फोन माझ्याकडं दिला.

त्यांना कावीळ झाली नाही. गवंडी मात्र दोनदा पळाला, पावसाळा लांबला, एकाच्या प्लॉटला खडक लागला. मी दर शनिवारी लातूरला जायचो. "चला," मी दर वेळी अण्णांना म्हणायचो. पहिल्यांदा मनापासून, नंतर रागानं, नंतर नुसतंच सवयीनं. ते यायचे नाहीत. उन्हात, पावसात, कुणाच्या ना कुणाच्या अंगणात गवंड्याच्या डोक्यावर उभे असायचे. तळाचं काँक्रीट पडलं की स्वतः सळई घेऊन चारही कोपरे ठोकून बघायचे.

आमची टाकी पुढच्या ज्येष्ठात झाली. मॅडमचा कागद आला. शर्वरी आली तेव्हा रेवा चौदा महिन्यांची होती आणि स्वतःच्या पायांनी फाटकातून आत आली. अण्णा नवं धोतर नेसून पायरीवर उभे होते. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. रेवानं त्यांच्याकडं पाहिलं आणि किंचाळून आईच्या मागं लपली.

"ओळखत नाही मला," अण्णा म्हणाले आणि हात मागं घेतले.

त्यांच्याकडं जायला तिला पुढं दोन महिने लागले. अण्णांनी तिला एकदाही बोलावलं नाही, खाऊचं आमिष दाखवलं नाही. दुपारी ती खेळायची तिथं येऊन नुसते बसायचे. मग एके दिवशी ती आपणहून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "घे."

अण्णा उठले, वाकले, तिच्या काखेत हात घातले. तेव्हा त्यांना एकाहत्तरावं लागलं होतं, आणि तोवर ती चांगली अकरा किलोची झाली होती. त्यांनी दोनदा जोर लावून पाहिला. मग माझ्याकडं बघितलं. ती त्यांना उचलवली नाही.